दुहेरी पदवी : दोन विद्यापीठे आणि एक फाईल
(द्वितीय वर्ष, कला)

‘दुहेरी पदवी’ हे शब्द अलीकडे आपल्या महाविद्यालयातही कानांवर पडू लागले आहेत. कुणी म्हणते, दोन कॉलेजांत दोन परीक्षा द्यायच्या. कुणी म्हणते, अर्धे शिक्षण इथे आणि अर्धे परदेशात. आणि कुणी सरळ सांगून टाकते की हा सगळा फसवणुकीचा धंदा आहे. या तिन्ही समजुतींत थोडेथोडे तथ्य आहे, पण पूर्ण खरी एकही नाही. म्हणून या विषयाची कागदपत्रांची बाजू जमेल तशी मांडावी, असे मनात आले. शिक्षणाचा दर्जा, परदेशातले जीवन, तिकडची ग्रंथालये यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. अर्ज, दाखले, शिक्के आणि तारखा यांवर मात्र कुणी लिहीत नाही, आणि आपल्यासारख्यांची गाडी नेमकी तिथेच अडते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. वडील बाजार समितीत हमाली करतात, आई दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाते. फॉर्ममधल्या एखाद्या रकान्यात काय लिहायचे, हे घरात विचारण्याची सोय नाही. त्यामुळे नियमच मुळातून वाचण्याची सवय मला लागली. इंग्रजी नियमावली एकदा वाचून कळत नाही. पाचव्या वेळी कळते. शब्दकोश जवळ असावा आणि घाई नसावी, एवढेच.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या मे महिन्यात एक नियमावली जाहीर केली. भारतीय आणि परदेशी शिक्षणसंस्थांनी मिळून अभ्यासक्रम चालवायचे असतील तर ते कसे चालवावेत, याची ही नियमावली. तिच्यात तीन प्रकार सांगितले आहेत आणि आपल्याकडे या तिन्हींची हमखास गल्लत होते. पहिला प्रकार ट्विनिंग. यात पदवी भारतीय संस्थेचीच मिळते. फक्त काही श्रेयांक, जास्तीत जास्त ३० टक्के, परदेशी विद्यापीठात मिळवता येतात. दुसरा प्रकार संयुक्त पदवी. यात अभ्यासक्रम दोघांनी मिळून आखलेला असतो, दोन्हीकडे किमान ३० टक्के श्रेयांक मिळवावे लागतात, आणि शेवटी दोन्ही संस्थांची मुद्रा असलेले एकच प्रमाणपत्र हातात पडते. तिसरा प्रकार म्हणजे आपली दुहेरी पदवी. अभ्यासक्रम इथेही दोघांचा, विषय एकच आणि पातळीही एकच. पण पदव्या दोन. प्रत्येक संस्था आपापली पदवी वेगळी देते, मात्र एकाच वेळी देते. किमान ३० टक्के श्रेयांक भारतीय संस्थेतून मिळवणे याही प्रकारात बंधनकारक आहे. तीन वर्षांची पदवी १२० श्रेयांकांची धरली तर हा वाटा ३६ श्रेयांकांचा होतो आणि चार वर्षांच्या १६० श्रेयांकांत ४८ चा.

आता गोंधळ कुठे होतो ते पाहा. त्याच वर्षी, म्हणजे २०२२ च्या एप्रिलमध्ये, आयोगाने आणखी एक गोष्ट जाहीर केली होती. विद्यार्थ्याला एकाच वेळी दोन वेगवेगळे अभ्यासक्रम करता येतील, तासांच्या वेळा एकमेकींच्या आड आल्या नाहीत म्हणजे झाले. सकाळी बी. ए. इतिहास आणि संध्याकाळी बी. कॉम., असे. ही सवलत चांगली आहे, पण ती म्हणजे दुहेरी पदवी नव्हे. दुहेरी पदवीत अभ्यास एकच असतो. तो दोन विद्यापीठे वाटून शिकवतात आणि दोघेही त्याला मान्यता देतात. दोन स्वतंत्र विषयांत एकदम पदवी घेणे याला दुहेरी पदवी समजू नये, हे नियमावलीने स्पष्ट शब्दांत म्हटले आहे. तरीही जाहिरातींत ही दोन्ही वाक्ये एकाच पानावर येतात आणि वाचणारा फसतो.

असा अभ्यासक्रम कोण चालवू शकतो? नॅकचे किमान ३.०१ गुण असलेली, किंवा एन. आय. आर. एफ.च्या विद्यापीठांच्या यादीत पहिल्या शंभरांत असलेली, किंवा ‘इन्स्टिट्यूशन ऑफ एमिनन्स’ म्हणून घोषित झालेली भारतीय संस्था. आणि समोर टाइम्स हायर एज्युकेशन किंवा क्यूएस या जागतिक यादीत पहिल्या हजारांत असलेले परदेशी विद्यापीठ. अशी जोडी असेल तर आयोगाच्या वेगळ्या परवानगीची गरज नाही. आपल्यासारख्या संलग्न महाविद्यालयांच्या बाबतीत आणखी एक साधी गोष्ट ध्यानात ठेवावी. पदवी महाविद्यालय देत नाही, विद्यापीठ देते. तेव्हा ‘आमच्या कॉलेजचा अमुक देशातल्या कॉलेजशी करार आहे’ असे कुणी म्हटले, तर प्रमाणपत्रावर कोणत्या विद्यापीठाची मुद्रा उमटणार आणि त्या विद्यापीठाने करारावर सही केली आहे का, एवढे दोनच प्रश्न विचारावेत. नियमावलीत आणखी दोन गोष्टी स्वच्छ आहेत. ऑनलाइन आणि दूरस्थ पद्धतीच्या अभ्यासक्रमांना ती लागू नाही, आणि परदेशी विद्यापीठाचे नाव भाड्याने घेऊन दुकान मांडण्याच्या पद्धतीला, म्हणजे फ्रँचायझीला, तिच्यात जागा नाही.

हे दोन मुद्दे मी इतक्या आग्रहाने का सांगते, त्याला कारण आहे. माझ्या मावसबहिणीला बारावीला चांगले गुण पडले. जिल्ह्याच्या गावी एका एजंटाने तिच्या वडिलांना गुळगुळीत कागदाचे माहितीपत्रक दिले : घरबसल्या भारतीय पदवी, तिच्यासोबत परदेशी पदवी, व्हिसाची कटकट नाही. काकांनी दोन शेळ्या आणि एक गाय विकून चाळीस हजार रुपये अनामत भरली. दुसरा हप्ता एक लाख ऐंशी हजारांचा होता. तो भरायच्या आदल्या आठवड्यात मावशीने मला बोलावून घेतले. माहितीपत्रकात परदेशी विद्यापीठाचे नाव होते, पण कोणत्या भारतीय विद्यापीठाशी करार झाला आहे ते नव्हते. सगळे शिक्षण ऑनलाइन होते. किती श्रेयांक कुठे, याचा तक्ता नव्हता. मध्येच शिक्षण सोडावे लागले तर काय, यावर अक्षर नव्हते. मी हे चार प्रश्न एका कागदावर लिहून दिले आणि काका ते घेऊन एजंटाकडे गेले. त्याने त्यांना चहा पाजला, पण उत्तर एकाचेही दिले नाही. दुसरा हप्ता वाचला. पहिला परत आला नाही. त्याहून वाईट म्हणजे नेहमीच्या प्रवेशाची मुदत तोवर उलटून गेली होती, आणि बहिणीचे एक वर्ष गेले. २०२३ च्या डिसेंबरात आयोगाने स्वतःच एक सूचना काढून सांगितले होते, की काही ऑनलाइन कंपन्या परदेशी विद्यापीठांच्या नावाने पदव्या देऊ करत आहेत आणि अशा पदव्यांना मान्यता नाही. पण ती सूचना इंग्रजी, आणि ती आमच्या गावापर्यंत पोचवायची कुणी?

असो. खऱ्या दुहेरी पदवीकडे वळू. हा प्रकार सर्वांत जुना आणि मुरलेला दिसतो तो युरोपात. १८७० ते १९४५ या पंचाहत्तर वर्षांत फ्रान्स आणि जर्मनी तीन वेळा एकमेकांशी लढले. त्याच दोन देशांनी १९९७ साली वायमार येथे करार करून एक फ्रेंच-जर्मन विद्यापीठ स्थापन केले. त्याचे कार्यालय जर्मनीत सारब्र्युकेन येथे आहे. गंमत अशी की या विद्यापीठाला स्वतःचे वर्ग नाहीत. दोन्ही देशांतली विद्यापीठे जोड्या लावून अभ्यासक्रम आखतात, विद्यार्थी काही सत्रे इकडे आणि काही तिकडे शिकतात, आणि शेवटी दोन्ही देशांच्या पदव्या घेऊन बाहेर पडतात. हे मधले विद्यापीठ या जोड्यांची तपासणी करते आणि त्यांना पैशाचे साहाय्य देते. दोन शत्रुराष्ट्रांनी एकमेकांच्या गुणपत्रिका मान्य कराव्यात, ही गोष्ट मला तहावरच्या सह्यांपेक्षा मोठी वाटते.

गुणपत्रिका मान्य करायच्या तर मापे जुळायला हवीत. युरोपात त्यासाठी १९८९ पासून ईसीटीएस नावाचे श्रेयांक वापरतात. पूर्ण वर्षाचा अभ्यास म्हणजे ६० श्रेयांक, आणि एका श्रेयांकामागे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तासांचे काम. यात तासाला बसणे, घरी वाचणे, निबंध लिहिणे, सगळे आले. आपल्याकडे वर्षाला साधारण ४० श्रेयांक असतात. म्हणजे आपला एक श्रेयांक त्यांच्या दीड श्रेयांकाइतका, असा साधा हिशेब निघतो. परंतु हा हिशेब सगळीकडे चालेल असे धरून बसू नये. कोणत्या विषयाचे किती श्रेयांक कशाच्या बदल्यात धरायचे, हे त्या दोन विद्यापीठांच्या करारात लिहिलेले असते आणि तेच खरे.

गुणांचे गणित त्याहून गमतीचे आहे. जर्मनीत १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर उत्तीर्ण आणि ५.० म्हणजे नापास. आकडा जितका लहान, तितका विद्यार्थी मोठा! फ्रान्समध्ये वीसपैकी गुण देतात. १० ला उत्तीर्ण, आणि १६ मिळाले तर घरी पेढे वाटावेत. आपले गुण जर्मन आकड्यात बदलण्यासाठी तिकडची पुष्कळ विद्यापीठे ‘मॉडिफाइड बव्हेरियन फॉर्म्युला’ वापरतात. कमाल गुणांतून आपले गुण वजा करायचे. कमाल गुणांतून उत्तीर्णतेचे गुण वजा करायचे. पहिल्या वजाबाकीला दुसरीने भागायचे, तीनने गुणायचे आणि त्यात एक मिळवायचा. समजा, एखाद्याला ७० टक्के आहेत आणि त्याच्या विद्यापीठात ४० ला उत्तीर्ण धरतात. मग १०० वजा ७० म्हणजे ३०, १०० वजा ४० म्हणजे ६०. ३० भागिले ६० म्हणजे अर्धा. तिप्पट केले की दीड, आणि एक मिळवला की २.५. आता ज्या विद्यापीठात ३५ ला उत्तीर्ण धरतात तिथल्या ७० टक्क्यांचे काय? ३० भागिले ६५, गुणिले तीन, अधिक एक : साधारण २.४. गुण सारखेच, पण उत्तीर्णतेची रेषा खाली असल्यामुळे दुसरा पुढे गेला! म्हणून उत्तीर्णतेसाठी किमान किती गुण लागतात, हे गुणपत्रिकेवर छापलेले आहे की नाही ते पाहून घ्यावे. छापलेले नसेल तर परीक्षा विभागाकडून तसे पत्र घ्यावे. ते पत्र नसेल तर समोरचा कारकून आपल्या मनाने आकडा धरतो.

मुख्य कागद मात्र वेगळाच आहे. त्याला ‘लर्निंग ॲग्रीमेंट’ म्हणतात. आपण अभ्यासकरार म्हणू. कोणत्या सत्रात कोणत्या विद्यापीठात कोणते विषय घ्यायचे आणि ते दुसऱ्या विद्यापीठात कशाच्या जागी धरले जातील, हे या कागदावर ओळीने लिहितात आणि तिघे सह्या करतात : विद्यार्थी, पाठवणारे विद्यापीठ आणि स्वीकारणारे विद्यापीठ. हा कागद म्हणजे सातबारा उताराच समजा. जमीन कुणी कसली हे सारे गाव सांगेल, पण उताऱ्यावर नाव नसेल तर त्या सांगण्याला तलाठी विचारत नाही. तिकडे गेल्यावर एखादा विषय बंद झाला किंवा दोन विषयांच्या वेळा आपटल्या, तर दुसरा विषय घ्यावा लागतो, आणि हे पुष्कळदा घडते. अशा वेळी नुसते प्राध्यापकांशी बोलून भागत नाही. बदललेला अभ्यासकरार पुन्हा तिघांच्या सह्यांनिशी करून घ्यावा लागतो. नाही तर वर्षअखेर उत्तीर्ण होऊनही ते श्रेयांक घरच्या विद्यापीठात कुठेच बसत नाहीत.

दुसरी गोष्ट नोंदणीची. दुहेरी पदवीचा विद्यार्थी सबंध काळ दोन्ही विद्यापीठांत नोंदलेला असला पाहिजे. परदेशात असताना इथला परीक्षा फॉर्म, इथली नोंदणी, इथली जी काही फी करारात ठरली असेल ती, हे सगळे चालू राहते. आपल्याकडे कॉलेज बदलायचे म्हटले की आपण आधी टी. सी. आणि मायग्रेशन काढायला धावतो, इतकी ती सवय अंगात मुरली आहे. पण मायग्रेशन घेणे म्हणजे आपले विद्यापीठ सोडणे. दुहेरी पदवीसाठी निघालेल्याने ते घेतले, तर दोन पदव्यांपैकी एकीवर त्याने स्वतःच्या हाताने पाणी सोडले. परदेशी विद्यापीठाला त्या ऐवजी लागते ते एवढेच : हा विद्यार्थी आमच्याकडे नोंदलेला आहे आणि अमुक करारान्वये येत आहे, असे आपल्या विद्यापीठाचे पत्र.

आता नाव. वाचकांना वाटेल, नावात काय विशेष? पण माझ्या मते सगळ्या फायलीत सर्वांत जास्त डोकेदुखी नावाचीच आहे, आणि ती खास आपल्या महाराष्ट्राची आहे. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग आपले नाव, मग वडिलांचे नाव असते आणि आईचे नाव निराळ्या ओळीत असते. आधार कार्डावर आपले नाव आधी. पासपोर्टला दोनच रकाने : एक आडनावाचा, दुसरा उरलेल्या नावाचा. कुणी दुसऱ्या रकान्यात फक्त स्वतःचे नाव लिहिते, कुणी वडिलांचेही लिहिते. मग परदेशी विद्यापीठाच्या संगणकात एक विद्यार्थिनी पासपोर्टच्या नावाने जाते आणि तिची गुणपत्रिका दुसऱ्याच कुणाची वाटते. त्यात इंग्रजी स्पेलिंगची भर. शाळेत मास्तरांनी लिहिले तसे एक, आधारच्या मशीनवाल्याने टंकले तसे दुसरे. आमच्या वर्गात मी सहज विचारून पाहिले, तर दहावीची गुणपत्रिका, आधार आणि बँकेचे पासबुक या तिन्हींवर अक्षरन् अक्षर सारखे नाव असणारे फार थोडे निघाले. दुहेरी पदवीत तर दोन प्रमाणपत्रांवर दोन विद्यापीठे नाव छापणार. ती सारखी नसतील तर पुढे नोकरीच्या ठिकाणी दोन पदव्या दोन माणसांच्या ठरायच्या. स्पेलिंगची लहान चूक शाळेमार्फत बोर्डाकडून दुरुस्त करून घेता येते; नावच बदलले असेल, लग्नानंतर म्हणा किंवा अन्य कारणाने, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात तशी नोंद छापून घ्यावी लागते. पासपोर्टचा अर्ज करण्यापूर्वीच हे उरकावे, कारण पुढचे सारे कागद पासपोर्टवरच्या नावाने निघतात. (१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांची नावे सरकारी कागदांवर स्वतःचे, आईचे, वडिलांचे आणि मग आडनाव या क्रमाने लिहायचे राज्य सरकारने ठरवले आहे. आईचे नाव आले याचा आनंदच आहे. पण ती मुले परदेशी विद्यापीठांत जातील तेव्हा तिथल्या कारकुनांची काय त्रेधा उडेल!)

नाव जुळले की शिक्के. आपली पदवी, गुणपत्रिका, जन्मदाखला हे कागद खरे आहेत, याची खात्री परदेशाला कशी पटावी? त्यासाठी हेग येथे झालेला एक आंतरराष्ट्रीय करार आहे, आणि भारतात तो २००५ पासून लागू आहे. आधी राज्य शासनाचे साक्षांकन आणि मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा ‘अपोस्टील’ असा हा क्रम. तो चौकोनी शिक्का असला की करारातल्या दुसऱ्या देशाने आणखी काही विचारायचे नाही. पण यात एक खोच आहे. भारत या करारात आला तेव्हा जर्मनीने हरकत नोंदवली. त्यामुळे फ्रान्ससाठी चालणारा अपोस्टील जर्मनीसाठी उपयोगाचा नाही. तिकडे शिकायला जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांसाठी २०२२ च्या नोव्हेंबरपासून एपीएस नावाची वेगळी तपासणी सुरू झाली. दहावीपासूनच्या गुणपत्रिका तिथे पाठवायच्या. ते त्यांची शहानिशा करून प्रमाणपत्र देतात, आणि ते व्हिसाच्या अर्जाला जोडायचे. म्हणजे फ्रान्स आणि जर्मनी अशी जोडी असलेल्या अभ्यासक्रमाला जाणाऱ्याला एकाच गुणपत्रिकेसाठी दोन निरनिराळ्या वाटा तुडवाव्या लागतात. मराठीत असलेल्या कागदांचे, उदाहरणार्थ शाळा सोडल्याच्या दाखल्याचे, अधिकृत भाषांतर लागते ते निराळेच. या सगळ्याला महिने लागतात. आठवडे धरून चालू नये.

पैशाचा पुरावा हा पुढचा डोंगर. जर्मनीच्या व्हिसासाठी एका अडकवलेल्या खात्यात वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधी भरून दाखवावी लागते. २०२४ च्या सप्टेंबरपासून ती महिना ९९२ युरो, म्हणजे वर्षाला ११,९०४ युरो ठरली. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर ही रक्कम बारा लाखांच्या जवळ जाते. वडिलांना मी हा आकडा सांगितला, तेव्हा त्यांनी तो पोत्यांत मोजून पाहिला आणि काही बोलले नाहीत. आपल्याला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला ठाऊक. उत्पन्न जितके कमी, तितकी सवलत जास्त. तिकडे उलटे : पैसा आहे हे दाखवायचे. ज्या घरात आयकराचे विवरणपत्र कधी भरलेच गेले नाही, त्या घरातल्या मुलाने बँकेत कर्जासाठी गेल्यावर काय दाखवायचे, याचे उत्तर मला कोणत्याही माहितीपत्रकात सापडलेले नाही.

मात्र शिष्यवृत्ती असेल तर हे चित्र पार बदलते, कारण शिष्यवृत्तीचे पत्र हाच पैशाचा पुरावा. युरोपीय संघाची ‘इरास्मस मुंडुस’ ही योजना २००४ पासून चालू आहे. तिच्यात किमान तीन देशांतली विद्यापीठे मिळून पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवतात. विद्यार्थ्याला किमान दोन देशांत शिकावे लागते आणि शेवटी संयुक्त पदवी किंवा एकाहून अधिक पदव्या मिळतात. निवड झालेल्याला फी नाही; उलट महिना १,४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने मिळतात. भारतीय विद्यार्थ्यांना अर्ज करता येतो; बी. ए. मात्र झालेले पाहिजे. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि तीही पदव्युत्तर शिक्षण व पीएच. डी. यांसाठी. म्हणजे आपण आत्ता, पदवीच्या दुसऱ्या वर्षात, करण्यासारखे काम अर्जाचे नसून तयारीचे आहे : नाव, पासपोर्ट, गुण आणि भाषा.

शिष्यवृत्तीच्या मुदतीचा आणि पदवीच्या मुदतीचा मेळ बसणे किती महत्त्वाचे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेतल्या तारखा पाहिल्या की उमगते. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ साली एम. ए. झाले. १९१६ साली लंडनला येऊन लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन अशा दोन ठिकाणी त्यांनी एकदम नाव घातले. १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली आणि दोन्हीकडचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. परंतु निघण्यापूर्वी, चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालवता येईल, अशी परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवलेली होती. १९२० साली ते परत गेले, १९२१ मध्ये एम. एस्सी. आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. मिळवली. कोलंबियाचा प्रबंध १९२५ मध्ये छापून निघाला आणि तिकडची पीएच. डी. १९२७ साली हाती आली. त्यांच्या विद्वत्तेबद्दल आपण नेहमी बोलतो. ती चार वर्षांची परवानगी मात्र कुणाच्या भाषणात येत नाही. मला तिच्याबद्दल फार वाटते, कारण तेवढा एक कागद नसता तर लंडनचा दरवाजा बंदच झाला असता.

तिकडे पोचल्यावरची कामे थोडक्यात सांगते. जर्मनीत घर मिळाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंद नगरपालिकेच्या कचेरीत करावी लागते. तिच्यावाचून पुढे पाऊल टाकता येत नाही. आरोग्य विमा सक्तीचा आहे. फ्रान्समध्ये लांब मुदतीचा विद्यार्थी-व्हिसा पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत सरकारी संकेतस्थळावर कायम करून घ्यावा लागतो. एका देशातून दुसऱ्या देशात जाताना पुन्हा नवा व्हिसा काढावा लागेल का, ही सर्वांना शंका असते. युरोपीय संघाच्या २०१६ च्या निर्देशानुसार, पहिल्या देशाचा विद्यार्थी-परवाना असेल आणि दोन विद्यापीठांतला करार असेल, तर दुसऱ्या देशात ३६० दिवसांपर्यंत त्याच परवान्यावर शिकता येते. पण जाण्यापूर्वी तशी सूचना द्यावी लागू शकते. डेन्मार्क आणि आयर्लंड हे दोन देश या निर्देशाच्या बाहेर आहेत.

राहता राहिला मधूनच सोडण्याचा प्रश्न. घरी कुणी आजारी पडते, पैसे संपतात, तिकडची थंडी किंवा भाषा झेपत नाही. काहीही होऊ शकते. आयोगाच्या नियमावलीप्रमाणे अशा विद्यार्थ्याला बाहेर पडण्याचा मार्ग कोणता, मिळवलेल्या श्रेयांकांचे काय होईल, हे संस्थेने आधीच स्पष्ट करायचे असते. मावसबहिणीच्या माहितीपत्रकात नव्हते ते हेच. आणि अभ्यासक्रम या नियमावलीप्रमाणे पूर्ण केला असेल, तर त्या पदवीला भारतात वेगळे समकक्षता प्रमाणपत्र काढावे लागत नाही, हा एक मोठा दिलासा आहे. नियमावलीच्या बाहेर राहून घेतलेल्या परदेशी पदवीसाठी मात्र आयोगाने २०२५ च्या एप्रिलमध्ये समकक्षतेचे स्वतंत्र नियम केले आहेत. ते आधी वाचावेत आणि पैसे मग भरावेत.

२०२२ च्या नियमावलीची एक छापील प्रत मी आपल्या ग्रंथालयात ठेवली आहे. कठीण इंग्रजी शब्दांचे अर्थ समासात पेन्सिलीने लिहिले आहेत; कुणाला अधिक चांगला अर्थ सुचला, तर त्याखाली लिहावा. प्रत घरी नेता येणार नाही, वाचनकक्षात बसून वाचावी लागेल.